वांगपाळण्याची गंधमुक्ती

कोणतीही वस्तू बंद पडल्याशिवाय चांगली होत नाही. चालू असते तोवर तिच्यात शंभर दोष निघतात. बंद पडली की दोष गळून जातात आणि नुसते गुण उरतात. हा सिद्धान्त टॉकीज, गिरण्या, बैलांच्या दमण्या आणि काही सख्खे नातेवाईक यांच्यावर पूर्वीच सिद्ध झालेला आहे. बागेतल्या पाळण्यावर तो लावून दाखवण्याचा मान मात्र नरडाण्याकडे जातो. खान्देशाबाहेरच्या मंडळींनी याबद्दल उगाच आकस धरू नये.

नरडाण्याहून धुळ्याकडे निघालं की हायवेला लागून राजकुंवर बाग आहे. धुळ्याच्या भिकमचंद शेठनी ती आपल्या मातोश्रींच्या नावाने काढली. शेठजींचा पिढीजात धंदा सरकीच्या ढेपेचा. इतकी वर्षं जनावरांना खूश ठेवलं, आता माणसांचंही काही बघावं, असा त्यामागे उदात्त विचार होता. बागेसाठी त्यांनी एक पाळणा मागवला. मधोमध खांब, खांबाला आठ दांडे, दांड्यांना आठ डॉल्फिन. ते गोल फिरत, वर जात आणि अचानक खाली येत.

डॉल्फिन बिनरंगाचे घेतले तर स्वस्त पडत होते, म्हणून तसेच घेतले आणि रंगवायला फैजपूरहून पेंटर आणला. फैजपुरात समुद्राचं येणंजाणं कमी. त्या गुणी माणसाने आकार न्याहाळला, विचार केला, आणि जे त्याला दिसलं ते रंगवलं: अंग हिरवट-पांढरं, शेपटीला गडद हिरवा देठ. डोळ्यांच्या खाचा त्याने बुजवून टाकल्या. (खान्देशी भरताच्या हिरव्या वांग्याला भोक दिसलं तर गिऱ्हाईक ते किडकं समजतं.) फलकावर ‘डॉल्फिन राईड’ असं सुबक अक्षरात होतं. लोक पहिल्या दिवसापासून त्याला वांगपाळणा म्हणाले.

पाळणा वीस वर्षं चालला. त्या काळातलं त्याच्याविषयीचं जनमत असं: मळमळतं, कंबर धरते, ग्रीस साडीला लागतं, करकर आवाज येतो, आणि तो चालवणारा पुना वेळेआधी थांबवतो. शेवटच्या वर्षी रविवारी सरासरी अकरा माणसं बसत. त्यांतली चार चुकून बसत. (त्यांना संडासाची रांग सांगितलेली असे.)

मात्र भडगावच्या ताईबाई न चुकता, मुद्दाम आणि आनंदाने बसत. वय बहात्तर. माहेर नरडाणा. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या भावाकडे येत. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळींना झोका लागतो, मग त्या कितीही म्हाताऱ्या होवोत. तो बांधून देणं भावाचं काम. यांच्या वाट्याचा झोका गावाबाहेरच्या निंबाला असे. हायवे रुंद झाला त्यात निंब गेला, आणि धाकटा भाऊ प्रेमराज याने त्या वर्षी बहिणीला वांगपाळण्यात बसवलं. ताईबाईंना तो झोक्याहून आवडला.

“वरथून खाले येस ना, पोटमा गोळा उठस,” त्या अहिराणीत सांगत. “या वयमा आखो कसाना गोळा उठाव शे पोटमा? नुसता पित्तना.”

प्रेमराज नाना हे निवृत्त ग्रामसेवक. नोकरी संपली तरी भाषा संपली नव्हती. ते घरात चहासुद्धा ‘उपलब्ध करून द्यावा’ असाच मागत. बायको, कोकिळाबाई, तो वेळेत उपलब्ध करून देत आणि काय वाटतं ते वेगळं बोलत.

तर यंदा फाल्गुनात शेठजींचा मुलगा रोनक पुण्याहून शिकून आला आणि त्याने बागेत बर्फलोक आणला. बर्फलोक म्हणजे एक मोठा बंद हॉल. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत उणे पाच. भाड्याचा कोट घालायचा, भाड्याचे बूट घालायचे, यंत्रातून पडणारा बर्फ एकमेकांना मारायचा, प्लास्टिकच्या पेंग्विनला मिठी मारायची, आणि दात वाजायला लागले की बाहेर येऊन चहा प्यायचा. एवढ्या उन्हात पैसे भरून थंडीने आजारी पडण्याची सोय याआधी जिल्ह्यात नव्हती. बर्फलोकाला मोकळी जागा हवी होती, म्हणून वांगपाळणा एका सकाळी खोलून ढेपेच्या गोदामात ठेवण्यात आला. पुनाला कोट वाटायच्या कामावर घेतलं.

त्याच संध्याकाळी हायस्कूलच्या दीपकसरांनी मोबाइलवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘गेला आपला वांगपाळणा. आपलं बालपण गेलं.’ सकाळपर्यंत चारशे लोकांचं बालपण गेलं. त्यात साठी ओलांडलेले एकोणनव्वद होते. पाळणा आला तेव्हा त्यांची मुलं कॉलेजात होती. पण दुःखाला वयाचा दाखला मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. (दीपकसरांनी तो फोटो बर्फलोकाच्या रांगेत उभं राहून टाकला होता. रांग मोठी होती, वेळ होता.)

दुसऱ्या दिवशी ताईबाईंचा फोन आला.

“प्रेमराज, आखाजीले येस मी. वांगामा बसनं शे.”

“अक्का, वांगपाळणा गेला.”

“कोठे गया?”

“म्हणजे बंद करण्यात आला. पण तू काळजी करू नकोस. त्याच्यासाठी आम्ही समिती स्थापन करतो आहोत.”

“माले समितीमा नही बसनं. वांगामा बसनं शे.”

नानांना बहिणीचा हा मुद्दा रास्त वाटला. आखाजीला अजून महिना होता. समिती करायची, मागणी करायची, पाळणा परत उभा करायचा आणि अक्काला झोका द्यायचा, असा सरळ कार्यक्रम त्यांनी मनाशी आखला. समिती झाली, नाना अध्यक्ष झाले, दीपकसर सचिव. पहिल्या सभेला साठ माणसं आली. नाना मागणीचा अर्ज वाचायला उठले, तेव्हा सर म्हणाले, “नाना, मागणी नंतर. आधी श्रद्धांजली.” दोन मिनिटं स्तब्धता झाली. मग अकरा जण बोलले. मग सभा आटोपती घ्यावी लागली, कारण संध्याकाळी बर्फलोकात गटाने गेल्यास सवलत होती आणि साठ जणांचा गट एरवी जमत नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. खान्देशात कुणाकडे दुःखद घटना घडली की लोक दारवर जातात: खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसायचं, थोडं गप्प राहायचं, गेलेल्याचा एखादा गुण सांगायचा आणि उठायचं. पाळण्याचं घर कोणतं, यावर सभेत खल झाला आणि मालकाचं तेच पाळण्याचं, असं ठरलं. सोमवारी सकाळी चाळीस माणसं धुळ्याला भिकमचंद शेठच्या ओट्यावर जाऊन बसली. शेठजी पूजा आटोपून बाहेर आले, चाळीस टॉवेल पाहिले, आणि प्रथम त्यांनी स्वतःची नाडी चाचपली. ती चालू होती.

“कोण गेलं, भाई?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमचा पाळणा,” दीपकसर म्हणाले.

“तो कुठे गेला? गोदामात पडलाय.”

“ते तुमच्या दृष्टीने.”

शेठजी व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्यांच्या रक्तात होतं. तेही खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले असं काहींनी पाहिलं.

मग उत्तरकार्य आणि गंधमुक्ती. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सुतक असतं तोवर घरची माणसं कपाळाला गंध लावत नाहीत. दिवस-कार्य झालं की जमलेल्यांसमोर ते लावतात, आणि गेलेला माणूस अधिकृतपणे गेला असं धरलं जातं.) गंध कोणी घ्यायचं, हा प्रश्न होता. वीस वर्षं बटण ज्याने दाबलं तोच जवळचा, म्हणून पुनाचं नाव पुढे आलं. डोकं भादरण्याचा विषय निघताच पुना कोटांच्या ढिगामागे गेला.

“नाना, मना बाप जिवंत शे,” तो तिथूनच म्हणाला. “मी डोकं भादरं ते तो माले घरमा घेवाव नही.”

मिशीवर तडजोड झाली.

पत्रिका छापल्या. स्थळ म्हणून ‘दिवंगताची जागा’ असं घालायचं होतं, पण तिथे बर्फलोक होता, म्हणून कार्यक्रम पार्किंगमध्ये झाला. बाराशे पानं उठली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. भाजीच्या निवडीवर दोन ज्येष्ठ सभासदांनी भावनिक हरकत नोंदवली, आणि तिसऱ्यांदा भाजी घेताना ती मागे घेतली. भाषणं झाली. आठवण म्हणून बहुतेकांना मळमळच आठवत होती, पण सरांनी समारोपात तिला ‘पोटातून आलेली भावना’ म्हटलं आणि वातावरण गंभीर झालं. पुनाला टोपी-टॉवेल मिळाला, कपाळाला गंध लागलं. मागणीचा अर्ज नानांच्या खिशात होता, तो त्यांनी बट्टीखाली आधाराला घेतला. पत्रावळ गळत होती.

भिकमचंद शेठ एका कोपऱ्यात उभे राहून बाराशे माणसांचा शोक पाहत होते. ज्याची इतकी मागणी आहे तो माल गोदामात का, हा विचार कोणत्याही सरळ माणसाच्या मनात येईल, तो त्यांच्याही आला. चार दिवसांत त्यांनी पार्किंगच्या कडेला खांब रोवला, दांडे चढवले, वांगी टांगली. पुनाने ग्रीस भरलं. शेठजींनी जाहीर केलं, “आखाजीपासून पाळणा चालू.”

नानांनी भडगावला फोन लावला. “अक्का, झोका मंजूर झाला.”

“मंजूर कसाना, चालू शे का?”

“चालू आहे.”

नाना त्या रात्री शांत झोपले. सकाळी दीपकसरांनी तातडीची सभा बोलावली. सभासद हवालदिल होते. एक जण म्हणाले, “मी मनाची तयारी करून घेतली होती, त्याचं काय?” दुसऱ्यांनी वांगपाळण्यावर अठरा कडव्यांची कविता केली होती, ती भूतकाळात होती. पारोळ्याकडे कुणी एक माणूस गंधमुक्तीनंतर घरी परतला, तेव्हा घरच्यांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं पण फोटोचा हार काही काढला नाही, असा दाखला निघाला. (तो पाहुणा अजून तिथेच आहे आणि त्याचं बरं चाललंय.) शेवटी ठराव झाला:

एक. गंधमुक्ती झालेली वस्तू परत आली, असे मानता येत नाही. सबब पार्किंगमध्ये उभे असलेले यंत्र हे वांगपाळणा नसून तत्सदृश यंत्र समजावे.

दोन. आखाजी हा पितरांचा दिवस असल्याने दिवंगत वांगपाळण्याच्या नावे समितीतर्फे घागर भरावी. उपरोक्त यंत्राइतके दिवंगतासारखे अन्य काही उपलब्ध नसल्याने ती त्याच्यासमोर भरावी.

तीन. ज्याच्यासमोर घागर भरली त्याच्यावर कोणी बसू नये.

ठरावाची भाषा निर्दोष होती. ‘सबब’ जागच्या जागी होतं, ‘उपरोक्त’ योग्य वेळी आलं होतं. नोकरीच्या सगळ्या काळात नानांच्या हातून इतका नेटका ठराव उतरला नव्हता. त्यांनी मन लावून सही केली, आणि मग अर्थ वाचला.

“सही केली तुम्ही?” कोकिळाबाईंनी घरी विचारलं. “आणि अक्कांचा झोका?”

“ठराव सर्वानुमते झाला.”

“मग सर्वानुमते झोकाही द्या. माझ्या मोठ्या नणंदेला दारातून तशीच परत पाठवणार असाल तर ‘उपरोक्त’ कुठे लागतं ते तुम्हीच सांगा तिला.”

आखाजी उजाडली. ताईबाई नवं लुगडं नेसून एसटीने आल्या आणि घरी पाणीही न पिता बागेत जाऊ म्हणाल्या. बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्यापुढे मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला आमरस आणि सांजोऱ्या. लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते आणि मत देत होते: पहिल्यासारखा नाही. आवाज गेला. (ग्रीस काढून टाकावं, अशी विनंती पुनाला तिघांनी केली.) रंगही तो नाही. रंगाला कुणी हात लावला नव्हता. फोटो झाल्यावर ते डोळे पुसत आणि बर्फलोकाच्या रांगेला लागत.

ताईबाई घागरीला वळसा घालून थेट वांग्यात जाऊन बसल्या. आखाजीला आलेल्या माहेरवाशिणीला ठराव वाचून दाखवायला समितीतलं कुणी पुढे झालं नाही.

“अक्का, एकलीनी चालाव नही,” पुना अजिजीने म्हणाला. “दांडा तुमनाकडे झुकी. समोरना वांगामा, इकडे, तिकडे, आखो तीन जण लागतीन.”

तीन माणसं. बागेत दीड हजार होती. नाना गर्दीत शिरले. दीपकसर म्हणाले, “नाना, मी सचिव. भावना दुखावतील.” कवी म्हणाले, “बसलो असतो, पण मग आठवण बिघडते.” एका गृहस्थांनी कोट चढवला होता, तो तासाच्या भाड्याचा होता. एका बाईंनी, “अय्या, यात खरंच बसतात?” असं विचारलं, त्या शोकसभेत सर्वांत जास्त रडल्या होत्या. एक तरुण जोडपं तयार झालं, पण त्यांना वांग्यात बसलेला फोटो हवा होता, फेरी नको होती.

नाना हात हलवत परतले. ताईबाई पदर खोचून, दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेल्या होत्या.

“तू बस ना रे,” त्या म्हणाल्या. “तुना वजन का कमी शे?”

नानांनी उजवा पाय उचलला. समोरचं वांगं वितीवर होतं. आणि त्या क्षणी कठड्याभोवतीचे मोबाइल एकदम वर झाले. अध्यक्षांचा पाय हवेत होता, तो पुढे पडतो की मागे, हे चित्रित करायला दीड हजार माणसं श्वास रोखून उभी होती. ठरावाखालची आपली सही नानांना दिसायला लागली. फार वळणदार सही होती. पाय हळूहळू मागे आला.

“अक्का,” नाना म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली, “मी अध्यक्ष शे व.”

ताईबाईंनी भावाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. पायातल्या चपला काढून त्यांनी त्याच्या हातात दिल्या. “मंग या तरी धर.”

भिकमचंद शेठ हे सगळं पाहत होते. बागेच्या दाराशी त्यांचा ढेपेचा टेम्पो उभा होता. त्यांनी हाक मारली, आणि हमालांनी ढेपेची तीन पोती आणून तीन वांग्यांत बसवली. पोत्यांना साखळ्या लावण्यात आल्या. समितीने तातडीने विचार केला. ठरावात ‘कोणी’ असा शब्द होता, पोत्यांविषयी तो मौन होता. पुनाने बटण दाबलं.

ताईबाई वर गेल्या. त्यांच्या समोर पोतं गेलं, डावीकडे पोतं, उजवीकडे पोतं. वरून वांगं एकदम खाली आलं, आणि ताईबाई पोट धरून हसल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. खाली उभी दीड हजार माणसं चित्रण करत होती. नाना चपला छातीशी धरून उभे होते.

“कसं वाटलं, अक्का?” त्या उतरल्यावर त्यांनी विचारलं.

“बेस. पोता चांगला शेत. उलटी करतस नही, फोटो काढतस नही.” मग पुनाकडे वळून, “आखो एकदाव फिराव रे.”

ती चित्रफीत रात्रीपर्यंत जळगाव, धुळे आणि सुरतेपर्यंत पोचली. लोक ढसढसा रडले. ‘असे दिवस आता येणार नाहीत,’ असं तीन हजार जणांनी लिहिलं. ते लिहीत होते तेव्हा पुना पाळण्याशेजारी स्टूल टाकून बसला होता आणि गिऱ्हाईक नव्हतं.

नानांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तो दुःखाने स्वीकारण्यात आला. नारळ, शाल आणि ‘आमचे नाना असे होते’ या विषयावर चार भाषणं. तेव्हापासून नाना दर रविवारी बागेत जातात, तिकीट काढतात, पित्ताची गोळी घेतात आणि एका वांग्यात जाऊन बसतात. पुना हात जोडून सांगतो की दांडा झुकेल. नाना म्हणतात, बसतो, येतीलच कुणी. ढेपेची पोती आता मिळत नाहीत. ढेपेला भाव आलाय. शेठजींनी दिवाळीपर्यंत वाट पाहायचं कबूल केलंय. तोवर पाळणा फिरला नाही तर लोखंड भंगारवाल्याला द्यायचं ठरलंय, आणि पुढच्या आखाजीला अक्काला काय सांगायचं, हे नाना वांग्यात बसून ठरवत असतात.

आता हे वाचून तुमचा जीव हळहळला असेल. फार थोर मनाचे आहात. बाग मंगळवार सोडून रोज उघडी असते, नरडाण्याला रेल्वे थांबते, आणि तीनच माणसं कमी आहेत. पण तुम्ही उन्हातान्हाचा त्रास घेऊ नये. पाळणा भंगारात गेला की दीपकसर दुसरी पत्रिका काढणारच आहेत; मजकूर तयार आहे, आणि शोकाकुल मंडळींत तुमचं नाव घातलेलं आहे. पत्ता तेवढा कळवा.